रोजची व्हिटॅमिनची गोळी: कोणाला हवी, कोणाला नको आणि ते ठरवावे कसे

गोव्यातल्या फोंड्यातील औषधांच्या दुकानाच्या काउंटरमागे मी गेली बावीस वर्षे उभी आहे, आणि या काळात सर्वांत जास्त वेळा ऐकलेली मागणी अशी आहे: "मॅडम, अंगात जीव नाही, एखादी व्हिटॅमिनची गोळी द्या." मागणारा कधी औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणारा तरुण असतो, कधी बाळंत होऊन चार महिने झालेली मुलगी असते, तर कधी मधुमेहाच्या गोळ्या घेणारे निवृत्त मास्तर असतात. तिघांची तक्रार एकाच शब्दांत येते. पण पहिल्याला बहुधा झोप आणि वेळेवर जेवण हवे असते, दुसरीला लोह हवे असते आणि मास्तरांच्या रक्तातले बी-१२ तपासायला हवे असते. तिघांच्या हाती एकच रंगीत बाटली ठेवणे सोपे आहे आणि आमच्या धंद्यात ते सर्रास होते. गोळी विकली गेली की मला पैसे मिळतात, हे लक्षात ठेवूनच वाचकाने पुढचे वाचावे. धडधाकट, मिश्र आहार घेणाऱ्या प्रौढ माणसाला रोजच्या मल्टिव्हिटॅमिनची गरज नसते. मात्र काही ठरावीक माणसांना काही ठरावीक पूरके घ्यावीच लागतात आणि ती टाळणे धोक्याचे असते. आपण कोणत्या गटात मोडतो हे ठरवण्याची पद्धत मी इथे क्रमाने सांगते.

गोळीकडून अपेक्षा काय ठेवावी

जीवनसत्त्वांचा शोध लागला तो उणिवेच्या आजारांतून, आणि त्यातला एक धागा थेट आपल्या ताटापर्यंत येतो. १८९० च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरांच्या लक्षात आले की सडीक पांढऱ्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो, आणि कोंड्यासकट तांदूळ मिळाला की त्या पुन्हा उभ्या राहतात. कोंड्यात असलेले ते द्रव्य म्हणजे थायमिन, अर्थात बी-१. पुढे १९१२ मध्ये काझिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना जे नाव दिले त्यावरूनच 'व्हिटॅमिन' हा शब्द आला, आणि १९२९ मध्ये आइकमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडचे उकडे तांदूळ याच कारणाने गुणी आहेत: भात भिजवून वाफवला जातो तेव्हा कोंड्यातले थायमिन दाण्याच्या आत उतरते आणि नंतर गिरणीत टरफल व कोंडा निघून गेला तरी बराच भाग दाण्यात टिकून राहतो. सकाळी दहा वाजता उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्या आजीला बी-१ ची गोळी विकणे मला पटत नाही ते यामुळे.

उणीव असेल तर जीवनसत्त्व चमत्कार वाटावा असा गुण देते. उणीव नसताना ते काय करते, हे पाहण्यासाठी गेल्या तीस-चाळीस वर्षांत फार मोठे प्रयोग झाले. अमेरिकेतील १४,६४१ पुरुष डॉक्टरांना दहा वर्षांहून अधिक काळ रोज मल्टिव्हिटॅमिन किंवा दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी दिली गेली. २०१२ मध्ये निकाल आले तेव्हा कर्करोगाचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी कमी दिसले, पण हृदयविकार आणि पक्षाघात यांत काहीही फरक पडला नव्हता. ड जीवनसत्त्वाच्या प्रयोगात २५,८७१ माणसे होती, आणि रोज २,००० एकक (पाकिटावरचे 'आययू') घेऊनही कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचे प्रमाण घटले नाही. २०२४ मध्ये सुमारे ३ लाख ९० हजार अमेरिकनांच्या वीस वर्षांहून अधिक काळाच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे जास्त जगतात असे आढळले नाही. वयस्कर लोकांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत अलीकडे थोडा फायदा दिसला आहे, तोही सांगायला हवा. पण त्याच्या भरवशावर घरातल्या सगळ्यांनी बाटली आणावी इतका तो मोठा नाही.

नुकसानीची बाजूही मोजली गेली आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या प्रयोगात बीटा-कॅरोटीनच्या (शरीरात ज्याचे अ जीवनसत्त्व होते त्या द्रव्याच्या) गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. हा निकाल १९९४ चा आहे. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने प्रोस्टेटचा कर्करोग वाढल्याचे २०११ मध्ये दिसले. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले तर ते सांडते, आणि बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते ती याच सांडण्यामुळे. अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वे मात्र चरबीत विरघळतात. ती सहज सांडत नाहीत, शरीरात साचतात.

पहिली पायरी: सात दिवसांची वही

रक्ततपासणीच्या आधी शाळेची दोन रेघी वही घ्यावी आणि सलग सात दिवस जे पोटात गेले ते लिहावे. आठवून लिहू नये, जेवण झाल्यावर लगेच लिहावे. "नुस्ते (मासे) खाल्ले" एवढे पुरत नाही. एक बांगडा की अर्धा, कढीतला तुकडा की नुसती कढी, हे लिहावे. "दूध घेतो" असे सांगणाऱ्या माणसाची वही पाहिली तर बहुतेक वेळा ते दूध चहातले असते, आणि चार कप चहातून जेमतेम एक पेला दूध पोटात जाते. सातही दिवसांत एकदा तरी पालेभाजी, एकदा तरी आंबट फळ, डाळ किंवा कडधान्य, अंडे किंवा मासळी, आणि दूध किंवा दही कितीदा आले याच्या खुणा करत जाव्यात.

गोव्यातल्या माणसाने ही वही वर्षातून दोनदा लिहावी, असे माझे मत आहे, कारण आपले ताट ऋतूप्रमाणे फार बदलते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामागोमाग श्रावण येतो, आणि पुष्कळ हिंदू घरांत चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) ताटात मासळी नसते. हिवाळ्यात बांगडे, तारले आणि तिसऱ्यो (शिंपले) खाणाऱ्या घरात बी-१२ ची चिंता नसते, कारण एका मध्यम बांगड्यातून दिवसाच्या गरजेपेक्षा जास्तच बी-१२ मिळते आणि तिसऱ्यांमध्ये तर ते त्याच्या कितीतरी पट असते. प्रौढाची रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम एवढीच असून यकृतात दोन-चार वर्षांचा साठा राहतो. म्हणून दोन-तीन महिन्यांच्या शाकाहाराने निरोगी माणसाचे काही बिघडत नाही. ज्यांनी मासळी, अंडी सगळे कायमचे सोडले आहे आणि दूधही चहापुरतेच आहे, त्यांचा साठा मात्र हळूहळू आटतो, आणि आटल्याचे लक्षात यायला वर्षे जातात.

दुसरी पायरी: आपण या यादीत आहोत का, ते पाहणे

ज्यांना पूरक घ्यावेच लागते अशी माणसे फार नाहीत, पण त्यांनी हयगय करू नये.

गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड दिवस राहण्यापूर्वीपासून घ्यावे. बाळाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळ जणींना दिवस गेल्याचे कळण्याआधीच. मग नंतर सुरू केलेली गोळी या कामी येत नाही. गरोदरपणात पहिल्या तिमाहीनंतर ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली लाल गोळी १८० दिवस, बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, आणि चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या दोन गोळ्या, असा सरकारी कार्यक्रम आहे. या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्या सरकारी म्हणून कमी प्रतीच्या आहेत असे समजून माझ्याकडे महाग बाटली मागणाऱ्या मुलींना मी केंद्राच्याच गोळ्या खायला सांगते, कारण लोहाची मात्रा तीच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यातील १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ३९ स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता; मासळी मुबलक असलेल्या, शिकलेल्या राज्यात हा आकडा मला अस्वस्थ करतो. गरोदरपणात माशाच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र घेऊ नयेत. अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात फार झाले तर गर्भात व्यंग येऊ शकते.

अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिले वर्षभर रोज ४०० एकक ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत, हा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. आईचे दूध उत्तम असले तरी त्यात ड फार थोडे असते.

पूर्ण शाकाहारी माणसे, त्यातही दूध-दही न घेणारी. साठीपुढची माणसे, ज्यांच्या जठरातले आम्ल कमी झालेले असते. जठराची किंवा वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली माणसे. क्षयरोगावर आयसोनियाझिड घेणारी माणसे, ज्यांना बी-६ लागते. आणि रोज भरपूर दारू पिणारी माणसे, ज्यांच्या शरीरात थायमिनचा खडखडाट असतो: या सर्वांनी दुकानात जाण्याआधी डॉक्टरांकडे जावे.

औषधांमुळे होणाऱ्या उणिवेबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण ती माझ्याच घरात घडली. आईला एकसष्टाव्या वर्षी मधुमेह निघाला आणि मेटफॉर्मिन सुरू झाले. तीन वर्षांनी तिने माळ घातली, पंढरीची वारी केली आणि मासळी कायमची सोडली. पित्ताचा त्रास होता म्हणून रोज सकाळी पॅन्टोप्राझोलही असायचे. मी मुलगी फार्मासिस्ट, म्हणून मीच तिला माझ्या दुकानातली मल्टिव्हिटॅमिन रोज द्यायला लागले आणि निर्धास्त झाले. एकोणसत्तराव्या वर्षी तिच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. रात्री अंधारात न्हाणीघराकडे जाताना ती भिंतीला हात लावत चालायची, चपला पायात आहेत की नाहीत ते तिला कळत नसे. आम्ही सगळ्यांनी तो मधुमेहाचा त्रास समजला. हिमोग्लोबिन व्यवस्थित होते, त्यामुळे शंकाही आली नाही. बी-१२ तपासले तेव्हा ते ११८ निघाले. २०० च्या खाली ते कमीच मानतात.

तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ चे शोषण घटते, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांमुळे अन्नातले बी-१२ सुटे होत नाही, आणि ताटातून त्याचा स्रोतच गेला होता. चौथी गोष्ट मी केली होती. त्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये फॉलिक ॲसिड भरपूर होते. ते बी-१२ च्या उणिवेमुळे होणारा रक्तक्षय भरून काढते, पण नसांची हानी थांबवत नाही. म्हणजे जे लक्षण आम्हाला सावध करू शकले असते ते गोळीने झाकून ठेवले. आईला इंजेक्शने दिली, मग रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. एवढी मोठी मात्रा कशासाठी, असे पुष्कळ जण विचारतात: नेहमीच्या वाटेने शरीर एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषते, पण मोठ्या मात्रेतला सुमारे एक टक्का भाग आतड्यातून आपोआप झिरपतो, आणि हजारातले ते दहा मायक्रोग्रॅम पुरेसे होतात. मुंग्या गेल्या, डाव्या पायाची बधिरता थोडी राहिली ती राहिलीच. मेटफॉर्मिन किंवा पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल तीन-चार वर्षांहून जास्त काळ घेणाऱ्या प्रत्येकाने डॉक्टरांना बी-१२ तपासण्याबद्दल स्वतःहून विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरी पायरी: मोजक्या तपासण्या, त्याही गोळी सुरू करण्याआधी

'फुल बॉडी' नावाची साठ-सत्तर तपासण्यांची पॅकेजे घेण्याची गरज नाही. थकवा हीच तक्रार असेल तर पूर्ण रक्तगणना, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी), बी-१२, साखर आणि थायरॉइड यांतून बहुतेकांना दिशा मिळते. हिमोग्लोबिन स्त्रीमध्ये १२, पुरुषामध्ये १३ आणि गरोदर स्त्रीमध्ये ११ च्या खाली गेले तर रक्तक्षय म्हणतात. रक्तगणनेच्या कागदावर एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) असे एक खाते असते, त्याकडे डॉक्टरांचे लक्ष वेधावे: पेशी लहान असतील तर लोहाकडे किंवा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकपणाकडे बोट जाते, मोठ्या असतील तर बी-१२ किंवा फोलेटकडे (फॉलिक ॲसिडचे अन्नातले रूप). पन्नाशीच्या पुरुषात लोह कमी निघाले तर नुसत्या गोळ्या खाऊन गप्प बसू नये; पोटात कुठे रक्तस्राव होतो आहे का, ते शोधावे लागते. थॅलेसेमियाच्या वाहकाला तपासणीशिवाय वर्षभर लोह देणे हेही तितकेच चुकीचे आहे.

ड जीवनसत्त्वाच्या अहवालाने माणसे उगाच घाबरतात. पुष्कळ प्रयोगशाळा ३० च्या खालचा आकडा 'अपुरा' म्हणून ठळक छापतात. अमेरिकेच्या वैद्यकीय अकादमीने २०११ मध्ये सर्व पुरावा पाहून २० हा आकडा जवळजवळ सगळ्यांना पुरेसा ठरवला होता. २०२४ मध्ये तिथल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने निरोगी प्रौढांची ड ची सरसकट तपासणी करू नये असे सुचवले. हाडे दुखणे, वारंवार अस्थिभंग, दिवसभर घरात किंवा एसीत राहणे, पूर्ण अंग झाकणारे कपडे, मूत्रपिंडाचा आजार यांपैकी काही असेल तर तपासणीला अर्थ आहे.

केस-नखांसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिन असते, कधी १० मिलिग्रॅमपर्यंत. दिवसाची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम आहे. एवढे बायोटिन रक्तात असताना थायरॉइडचा आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीचा अहवाल चुकू शकतो. अशी गोळी तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून बंद ठेवावी, आणि रक्त घेणाऱ्याला तसे सांगावे.

चौथी पायरी: आधी ताट दुरुस्त करणे

अहवालात मोठी उणीव नसेल तर वहीतली भोके ताटातच बुजवावीत, आणि गोव्यात ते कठीण नाही. कॅल्शियमसाठी नाचणीची आंबील किंवा सत्त्व घ्यावे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि पेडवे-तारले यांसारखी लहान मासळी काट्यांसकट चावून खाल्ली तर त्यातूनही ते मिळते. तांबडी भाजी, मशिंगाचा (शेवग्याचा) पाला आणि पावसात उगवणारा टायकिळा (टाकळा) यांत फोलेट आणि लोह दोन्ही असतात. वनस्पतींतले लोह शरीर सहजी घेत नाही, पण त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर शोषण वाढते. म्हणून भाजीवर लिंबू पिळावे, जेवणानंतर पेरूची फोड खावी, आणि चहा-कॉफी जेवणाच्या आधी व नंतर तासभर टाळावी. चहातले टॅनिन लोह अडवते, आणि जेवून उठल्याउठल्या चहा घेण्याची सवय ज्या घरात आहे त्या घरातल्या बायांचे हिमोग्लोबिन वर्षभर गोळ्या खाऊनही तिथल्या तिथे घुटमळताना मी पाहिले आहे.

क जीवनसत्त्वाची गोळी विकत घेणाऱ्यांना मी मार्च-एप्रिलमध्ये काजूची बोंडे आठवून देते. फेणीसाठी टोपल्या भरून जाणाऱ्या या फळात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असते. पिकलेले बोंड मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवले की घशाला लागणारा तुरटपणा कमी होतो. आवळा आणि पेरू बाकीचे महिने सांभाळतात. १०० ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क असते आणि गरज ऐंशीच्या आत भागते.

झाडाचे म्हणून सगळेच निर्धोक असते असे मानू नये. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी बिमली या आंबट फळाचा रस पेलाभर पिण्याचा सल्ला आपल्याकडे अधूनमधून फिरतो. बिमलीत ऑक्झॅलेट फार असते, आणि असा दाट रस पिऊन मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण केरळमधील डॉक्टरांनी नोंदवले आहेत. हुमणात (माशाच्या कढीत) घातलेल्या दोन-चार बिमल्यांनी काही होत नाही.

ऊन ही गोळी फुकट मिळते. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे वर्षभर दुपारच्या आसपासच्या उन्हातून त्वचेत ड तयार होऊ शकते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असताना हात, पाय, चेहरा उघडे ठेवून आठवड्यातून तीन-चारदा वीस-तीस मिनिटे उन्हात राहावे. सकाळी सातचे कोवळे ऊन प्रसन्न असते, पण त्यातून ड जवळजवळ मिळत नाही. काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हातूनही मिळत नाही. पावसाळ्याचे चार महिने यात खंड पडतो हे खरे आहे.

प्रोटीन पावडरीबद्दल तरुण मुले विचारतात, त्यांना एवढेच सांगते: साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम प्रथिने पुरतात, व्यायाम जोरात असेल तर काही जास्त लागतात, आणि बांगडा, अंडी, चवळी, दही यांतून ती मिळतात. डबा आणायचाच असेल तर आधी वहीत हिशेब करावा.

पाचवी पायरी: लेबल वाचणे

उणीव सिद्ध झाली, डॉक्टरांनी पूरक सांगितले, की शक्यतो त्या एकाच घटकाची गोळी घ्यावी. तेवीस घटकांच्या गोळीत प्रत्येकाला थोडी जागा मिळते. ज्याची खरी उणीव आहे ते अपुरे पडते आणि ज्याची नाही ते वाढत जाते.

पाकीट हातात घेऊन आधी परवाना पाहावा. अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या पूरकावर एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक, 'हेल्थ सप्लिमेंट' हे शब्द आणि औषधी वापरासाठी नसल्याची सूचना छापलेली असते. औषध म्हणून बनवलेल्या गोळीवर औषध-निर्मितीचा परवाना क्रमांक असतो. ज्या बाटलीवर यातले काहीच नाही, ती जिममधल्या मित्राने दिली असली तरी घेऊ नये.

नंतर मात्रा पाहावी, आणि इथे फसगत होते. कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिलिग्रॅम असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते. लोहाचेही तसेच: फेरस सल्फेट किंवा फेरस फ्युमरेट यांच्या वजनाचा तिसरा हिस्सा, फार तर, लोहाचा असतो. 'एलिमेंटल' हा शब्द जिथे आहे तो आकडा खरा. शेजारी रोजच्या गरजेच्या किती टक्के ते दिलेले असते. १०० च्या आसपासचा आकडा ठीक, हजाराच्या घरातला आकडा असेल तर कारण विचारावे. बी-६ मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतले तर नसा बिघडतात, म्हणजे मुंग्यांवर घेतलेल्या गोळीनेच मुंग्या येऊ शकतात.

पट्टी कापून घेताना मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक असलेला भाग आपल्याकडे येईल असे पाहावे, नाही तर दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत बाटलीतल्या गोळ्या ओल धरतात. झाकण घट्ट लावावे, आतली शोषक पुडी फेकू नये, आणि बाटली चुलीशेजारच्या फळीवर ठेवू नये. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशाच ठेवाव्यात. त्या साखरेच्या वेष्टनातल्या, लाल, गोड दिसणाऱ्या असतात, आणि मूठभर खाल्ल्या तर मूल दगावू शकते.

सहावी पायरी: वेळ आणि अंतर

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये. दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी लोह, कॅल्शियम आणि ही दोन्ही असलेली मल्टिव्हिटॅमिन चार तासांनी घ्यावी. सकाळी उठल्यावर सगळ्या गोळ्या एकाच तळहातावर घेऊन एका घोटात गिळणारी माणसे आमच्याकडे रोज येतात, आणि थायरॉइडची मात्रा वाढवत नेऊनही आकडा का उतरत नाही म्हणून हैराण असतात. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. ड जीवनसत्त्व दुपारच्या, थोडे तेल-खोबरे असलेल्या जेवणानंतर घ्यावे. लोह रिकाम्या पोटी चांगले शोषले जाते, पण मळमळत असेल तर जेवणानंतर घेतले तरी चालेल. बंद करण्यापेक्षा ते बरे. शौच काळे होते, त्याने घाबरू नये. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके चालू असताना लोह-कॅल्शियमबद्दल विचारून घ्यावे, आणि वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याने के जीवनसत्त्व असलेले कोणतेही पूरक परस्पर सुरू करू नये.

सातवी पायरी: थांबण्याची तारीख

पूरक सुरू करतानाच ते केव्हा थांबवायचे किंवा पुन्हा केव्हा तपासायचे, ते डॉक्टरांना विचारून पाकिटावर पेनाने लिहावे. सर्वांत मोठी गफलत ड च्या ६०,००० एककांच्या कॅप्सूलबाबत होते. ती बहुधा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे अशी दिलेली असते. चिठ्ठी हरवते, बरे वाटते म्हणून माणूस वर्षभर तीच घेत राहतो, आणि क्वचित कोणी रोज एक घेतो. दिवसाची सुरक्षित मर्यादा ४,००० एकक मानली जाते; रोज ६०,००० म्हणजे तिच्या पंधरा पट. त्यातून रक्तातले कॅल्शियम चढते, उलट्या होतात, बद्धकोष्ठता होते, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. चिठ्ठीवर 'आठवड्याला एक' असेल तर वार ठरवावा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या वाराला आठच खुणा कराव्यात. आठवी खूण झाली की परत भेटायला जावे.

लोहाचे उलट होते: माणसे फार लवकर थांबतात. दीड-दोन महिन्यांत हिमोग्लोबिन वर येते आणि गोळी सुटते, पण शरीरातला साठा अजून रिकामाच असतो. आकडा नीट झाल्यानंतर साधारण तीन महिने लोह चालू ठेवावे लागते, आणि थांबवण्याआधी फेरिटिन पाहावे. महिनाभर नेमाने घेऊनही हिमोग्लोबिन हलले नाही तर मात्रा स्वतः वाढवू नये. निदान पुन्हा तपासून घ्यावे. बी-१२ ची गोष्ट वेगळी आहे: ज्या कारणाने ते घटले ते कारण कायमचे असेल, तर गोळीही कायमची असते.

माझ्या आईची तशीच आहे. मल्टिव्हिटॅमिनची बाटली घरातून गेली. आता तिच्या डब्यात मधुमेहाचे औषध आणि बी-१२ ची एक गोळी एवढेच असते, आणि पॅन्टोप्राझोल डॉक्टरांनी गरज लागेल तेव्हापुरते ठेवले आहे. ताटात दही रोज असते, नाचणीची आंबील एक दिवसाआड. रक्त सहा महिन्यांनी तपासतो, आणि वहीच्या शेवटच्या पानावर पुढची तारीख चवथ झाल्यानंतरच्या सोमवारची आहे.